भेकराला किती बोटं

आमच्या घरात बंदूक होती असं सांगितलं की भजनाला येणाऱ्या नव्या बायकांना वाटतं, म्हातारी फेकतेय. त्यांचे नवरे चाकणला कंपनीत, त्या आमच्या गावात भाड्याच्या खोल्यांत. त्यांनी बंदूक बघितलेली ती बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर. आमची तसली नव्हती. आमची ठासणीची. म्हणजे काडतूस वगैरे काही नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधी, मग शिशाची गोळी, परत चिंधी, आणि लोखंडी गजानं सगळं ठासायचं. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर घरी जाऊन जेवून झोपलेलं असायचं. परवाना होता पीक संरक्षणाचा. आधी मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर, आणि ते गेल्यावर आमच्या ह्यांच्या.

भरायला मात्र यायची मला. त्याचं असं झालं, मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि आमच्या ह्यांना धीर म्हणून नाही. चहासुद्धा बशीत ओतून गार व्हायची वाट बघणार नाहीत. त्यांनी एकदा घाईत, न मोजता, बार भरला आणि मामंजींच्या हातात बंदूक दिली. मामंजींनी घोडा ओढला तसे ते बांधावरनं उताणे, पाय वर. पागोटं एकीकडं, चपला एकीकडं. डुक्कर थांबून बघत होतं म्हणे. खांदा महिनाभर काळानिळा. त्या दिवसापासून मामंजींनी ठरवलं, बंदूक उडवायची पोरानं, पण भरायची सुनेनं. "तिला मीठ किती घालायचं ते कळतं, दारू किती घालायची तेबी कळंल," असं म्हणाले. सासूबाई आतून म्हणाल्या, "मीठ तरी कुठं कळतंय तिला?" पण झालं ते झालं, मी बंदूक भरायला शिकले.

आता मोजायचं कसं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बार ठासला की गज नळीत तसाच सोडायचा. रिकाम्या नळीत तो तोंडाशी बरोबर बसायचा. भरलेल्या नळीत वर उरायचा. जेवढा वर उरला त्याला हाताची बोटं आडवी लावायची, एकाला एक चिकटवून. चार बोटं उरला की चार बोटांचा बार. वजन नाही, माप नाही, काही नाही. मामंजी म्हणायचे, बोटं कुणाची ते महत्त्वाचं. त्यांची बोटं कुदळीच्या दांड्यासारखी. माझी तेव्हा काड्या होत्या नुसत्या. त्यांनी माझा हात त्यांच्या हाताला लावून बघितला आणि म्हणाले, माझी चार म्हणजे तुझी पाच, आणि थोडं कमीच धर.

दारूइतकीच गोळी महत्त्वाची. घरात दोन साचे होते. शिसं वितळवायला चुलीवर जुनी लोखंडी पळी ठेवायची, त्यावरनं सासूबाईंचं आणि माझं रोजचं भांडण, कारण चूल स्वयंपाकाची. मोठ्या साच्यातली गोळी गावठी बोराएवढी, ती डुकराची. डुकराचं कातडं म्हणजे ट्रकचा टायर. त्याला जड गोळीच पाहिजे. लहान साच्यातली चिंचोक्याएवढी, ती हरणाची.

हो, हरणाची. मी नवी सून होते तेव्हा आमच्या डोंगराला भेकरं होती, आणि वर्षातनं एखाददुसरं घरात शिजायचंही. मी खाल्लंय. उगाच आता सोवळेपणा कशाला दाखवू? तेव्हा कायदा झाला होता की व्हायचा होता मला माहीत नाही, आमच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. भेकर म्हणजे कुत्र्याएवढं, थोडं उंच, तांबूस, आणि भुंकतंही कुत्र्यासारखंच. मी मामंजींना विचारलं होतं, त्याला मोठी गोळी का नको? मोठीनं लवकर मरेल. ते म्हणाले, मोठीनं मटण नासतं. मग म्हटलं, लहान गोळी तर दारू जास्त घालावी, जोर येईल. त्यावर ते माझ्यावर ओरडले. सुनेवर फारसे कधी ओरडले नाहीत, तेव्हा ओरडले.

"लहान गोळी आन दारू जास्त, हे कधी करू नगं. गोळी अंगातनं पार निघून जाती. जनावराला कळतच न्हाई आपण मेलो ते. ते पळत सुटतं. कोस कोस पळतं. आन कुठंतरी झुडपात जाऊन तडफडत मरतं, ना तुला घावतं ना त्याला सुटका हुती. हरणाला गोळी अंगात राहिली पायजे. बेताची दारू. जाग्यावर बसलं पायजे ते. न्हाईतर मारूच नगं."

हे मी ऐकलं आणि लक्षात ठेवलं. पुढं वनखात्याचे लोक गावात येऊन तंबी देऊन गेले, तालुक्याच्या गावी कुणाला तरी धरलं, तसं मामंजींनी लहान साचा आणि उरलेल्या लहान गोळ्या एका पत्र्याच्या डब्यात घातल्या आणि डबा माळ्यावर टाकला. परत घरात कुणी हरणावर नेम धरला नाही. मामंजी मटणाची आठवण काढायचे, ती गोष्ट वेगळी.

मामंजी गेले. कंपन्या आल्या. आमच्या गावाचं काय झालं ते चाकणकडं येणारं कुणीही रस्त्यावरनं बघू शकतं, मी काय सांगू? कुणी जमिनी दिल्या, कुणी देऊन रडले, कुणी देऊन गाड्या घेतल्या. आमच्या भावकीत दोघांनी तर दोन्ही केलं. आमच्याही गेल्या. राहिला तो डोंगराच्या पायथ्याचा एक तुकडा, दोन बाजूंनी कंपन्यांच्या भिंती, मागं ओढा, वर डोंगर. त्याला रस्ता धड नव्हता म्हणून तो राहिला. आमचे हे त्यात खरिपाला भुईमूग करायचे, थंडीत बटाटा. दुसरं त्यांना काही येत नाही आणि दुसरं त्यांना काही करायचंही नव्हतं. सकाळी जायचे, ऊन चढल्यावर यायचे, परत चारला जायचे. बहात्तर वर्षांचा माणूस, पण शेतातनं आला की बोलायचा. घरी बसला की गप्प.

आणि भुईमूग, बटाटा म्हणजे डुकरांना जेवणाचं आमंत्रण. पूर्वी डुकरं डोंगरातनं यायची. आता ओढ्यातच राहतात. कँटीनचं उरलेलं अन्न मागं टाकतात, ते खाऊन अशी माजलीयेत की पळतानासुद्धा सावकाश पळतात. त्यांना हाकलायला बंदूक. गोळी आम्ही किती वर्षं घातलीच नाही. नुसती दारू आणि चिंधी, आवाजाचा बार. दिवस मावळायला एक बार काढला की आठवडाभर कळप फिरकायचा नाही.

म्हणजे असं बघा. शेत होतं म्हणून परवाना होता, दर वेळी नूतनीकरणाला विचारायचेच, पीक काय आहे, कुठं आहे. परवाना होता म्हणून बंदूक होती. आणि बंदूक होती म्हणून शेत होतं. ह्यातलं एक काढलं की तिन्ही गेलं. हे मला कळत होतं, ह्यांना कळत होतं, आणि थोरल्यालाही चांगलं कळत होतं.

इलेक्शन आलं की बंदूक पोलीस स्टेशनला जमा करायची असते. हे सतरंजीत गुंडाळून घेऊन जायचे. एकदा बसच्या कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, काय आहे हे लांबलचक?" हे म्हणाले, "बंदूक." कंडक्टर म्हणाला, "मग तिचं तिकीट राहू द्या. आणि माझं काही चुकलं तर सांगा, बरं का." सगळी बस हसली. पण इलेक्शनच्या दिवसांत डुकरं शेत उपसून टाकायची. हे म्हणायचे, आपल्यापेक्षा आचारसंहिता डुकरांना चांगली कळते.

आता थोरल्याचं सांगते. थोरला म्हणजे आमचा मुलगा. तो वाकडला राहतो, अकराव्या मजल्यावर. सून चांगली आहे, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. थोरल्याचा धंदा काय असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. कंपन्यांचे ठेके घेतो. लेबर पुरवायचा, गाड्या पुरवायच्या. पण ह्या भागात खरा ठेका म्हणजे भंगाराचा. कंपनीतनं जे पत्र्याचे तुकडे, लोखंडाचा चुरा बाहेर पडतो तो उचलायचा. त्याच्यासाठी लोक एकमेकांची डोकी फोडतात. थोरल्याला तो पाहिजे होता, दोन वर्षं तो त्या साहेबाच्या मागं होता. साहेब म्हणजे एका कंपनीतला मोठा माणूस, बाहेरचा. ठेका कुणाला द्यायचा ते त्याच्या शब्दावर. कुठली कंपनी ते मी लिहीत नाही.

थोरल्याचे हात सांगायचे राहिले. मोठा झाल्यापासून त्याला अंगठ्यांचा नाद. एक गुरूची, एक शनीची, एक घोड्याच्या नालेची, एक नुसतीच जाडजूड, तिच्यावर वाघाचं तोंड. जमीन गेली तेव्हाच्या त्या. मी म्हणायचे, अरे जेवताना तरी काढ, डाळ अडकते. तो हसायचा. "आई, हे बघूनच लोक खुर्ची देतात."

एका रविवारी सकाळी तो आला. आल्या आल्या माळ्यावर चढला. मी म्हटलं काय शोधतोस, तर म्हणाला, "जुनी भांडी बघतोय, इंटेरियरवाली बाई म्हणाली, तांब्याचं काही असेल तर हॉलमध्ये छान दिसेल." मग खाली उतरला आणि आप्पांना, म्हणजे आमच्या ह्यांना, म्हणाला, बंदूक दोन तास देता का? साहेबांना दाखवायचीय, त्यांना जुन्या वस्तूंचा शौक आहे.

मी म्हटलं, "साहेबांना इथं आण. चहा घेतील, बंदूक बघतील."

"आई, ते असे कुणाच्या घरी येत नाहीत गं."

"मग फोटो दाखव."

"आप्पा, सांगा ना हिला."

हे नुकतेच काढलेले बटाटे निवडत बसले होते. परवाना ज्याच्या नावावर त्यानंच बंदूक बाळगायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हे त्यांना पाठ होतं. पण थोरला कितीतरी दिवसांनी घरी आला होता, आणि त्यांच्याकडं काहीतरी मागत होता. एरवी ह्यांच्याकडं मागण्यासारखं होतं काय? ते म्हणाले, "ने. पर दोन वाजायच्या आत आण." आणि वर स्वतः उठून सतरंजीत गुंडाळून दिली. दारूचा डबा त्यानं कधी घेतला ते मी बघितलं नाही.

दुपारी फोन आला. माझ्या फोनवर, ह्यांच्या नाही.

"आई, पटकन एक सांग. भेकराला किती बोटं?"

मला आधी कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. माळा, डबा, लहान गोळ्या.

"कुठं आहेस तू?"

"इथंच, वर. सांग की."

"आधी घरी ये."

"अगं हळू बोल, साहेब शेजारी उभे आहेत. त्यांनी कधी खाल्लं नाही म्हणाले. मी म्हटलं, आमच्या आजोबांचा हातखंडा होता. आता तोंडघशी पाडू नको. किती बोटं, तेवढं सांग."

"तुझ्या आजोबांनी ते सोडलं होतं, ते सांगितलंस का साहेबांना? बंदूक घेऊन खाली ये. ती तुझ्या बापाच्या नावावर आहे."

"आई, काही होत नाही. इथं कोण आहे बघायला?"

मी म्हटलं, भेकराला किती बोटं ते मी सांगणार नाही. तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातनं फोन घेतला. मी हात धरला त्यांचा, पण त्यांनी सोडवून घेतला. आणि त्यांचा चेहरा मी काय सांगू, कुणीतरी परीक्षेत सोपा प्रश्न विचारावा तसा. आयुष्यात थोरल्यानं त्यांना हा एक प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर त्यांना येत होतं. बांधावरनं बाप पाडल्यापासून डुकराचा, भेकराचा, सगळे आकडे त्यांच्या डोक्यात कोरलेले.

"चार बोटं," ते म्हणाले. "आरं चार. चिंधी घट्ट ठास. आन खांद्याला दाबून धर, तुझ्या आज्याचं काय झालं हुतं ठावं हाय न्हवं?" आणि हसले. तिकडनंही हसल्याचा आवाज आला. साहेबही हसला असेल.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काय केलंत?"

"पोरगं इचारतंय, सांगू नगं व्हय?"

मग बार झाला तो आम्ही ऐकला. डोंगर लांब आहे, आणि रविवारी कंपन्यांचा आवाज कमी असतो. आवाज ऐकून हे बटाटा हातात धरून बसून राहिले. आवाजाच्या बारासारखा नव्हता तो. मोठा होता. त्यांनाही कळलं, मलाही कळलं.

थोरला आला त्याच्या आधी भेकर आलं. आमच्याकडं नाही, मोबाईलवर. सूनबाईनं वाकडवरनं व्हिडिओ पाठवला, तिला कुणी पाठवला देव जाणे. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं, तिनं खाली लिहिलं होतं, आई हे आपल्या गावाजवळच आहे ना? गोळी पार झाली होती. डोंगरावरनं ते सुटलं ते ओढा ओलांडून, आमच्या शेतातनं, भिंतीला वळसा घालून थेट रस्त्यावर आलं, आणि एका कंपनीच्या गेटसमोर बस थांबते तिथं येऊन पडलं. शिफ्ट सुटायची वेळ. रविवारची ओव्हरटाइमवाली पोरं बाहेर पडत होती. व्हिडिओत कुणीतरी म्हणत होतं, "ए कुत्रं नाय ते, हरीण आहे हरीण." दुसरा म्हणत होता, "सरका रे, श्वास घेऊ द्या त्याला." एकजण लातूर-नांदेडकडचा असावा बोलण्यावरून, तो बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात सोडत होता आणि म्हणत होता, "पी बाबा, पी की." ते पीत नव्हतं. डोळे उघडे होते. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला नाही.

थोरला संध्याकाळच्या आत आला. एकटाच. बंदूक सतरंजीतच, पण गुंडाळलेली नीट नव्हती. घाम फुटलेला. साहेबाला त्यानं आधी गाडीनं पोचवलं होतं, मग इकडं आला. मी पाणी दिलं, तो पिऊन आप्पांवर चढला.

"तुम्ही काय सांगितलंत हो मला? चार बोटं म्हणालात. लागली म्हणजे अशी लागली, आरपार. पळून गेलं."

"आरं, चारच असत्यात. तू जास्त घातली असशील."

"चारच घातली. तुम्ही सांगितली तशीच. गज वर आला आणि मी बोटं लावून बघितली. ही बघा. एक, दोन, तीन, चार." आणि त्यानं हात आडवा धरून ह्यांच्यापुढं केला.

मी बघितलं. चार बोटं होती खरी. पण ती एकाला एक चिकटत नव्हती. बोटाबोटात सोनं. गुरू, शनी, घोड्याची नाल आणि वाघ. मध्ये एवढ्या फटी की त्याच्या हाताची चार म्हणजे मामंजींची सहाच्या वर भरली असती. मामंजी ज्याच्यावर ओरडले होते तेच, लहान गोळी आणि दारू जास्त.

ह्यांनीही बघितलं. त्यांनी आपला हात उचलला आणि थोरल्याच्या हाताला लावला, मामंजींनी माझ्या हाताला लावला होता तसा. बापाचा हात लहान होता, अर्ध्यातच संपला. थोरल्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं. तो म्हणाला, "काय मोजताय?" मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं हात मागं घेतला.

मला हसू आलं. खरंच सांगते, कसलं हसू ते माझं मलाच कळलं नाही. थोरला म्हणाला, "आई, हसायला काय झालं? उद्या वनखातं येईल. गावात बंदूक एकच आहे."

"मग?"

तो आप्पांच्या शेजारी बाजेवर बसला, लहानपणी बसायचा तसा जवळ.

"आप्पा, बघा, तुमचं वय झालंय. तुम्हाला काही कुणी करणार नाही. तुम्ही म्हणायचं, डुकरावर बार काढला, मध्ये हे आलं, दिसलं नाही. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्याचे कागद आहेत. वकील आपलाच आहे. माझं नाव आलं तर सगळं बसतं खाली. साहेबांचं नाव आलं तर मग विचारूच नका."

हे म्हणाले, "व्हय."

एवढंच. व्हय. विचार केला नाही, माझ्याकडं बघितलं नाही.

मी म्हटलं, "आणि परवाना? बंदूक ओढून नेतील. मग शेत?"

ह्यावर थोरल्यानं जे उत्तर दिलं ते त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं होतं असं मी म्हणत नाही. माझा मुलगा आहे, मी तसं म्हणणार नाही. पण ते त्याच्या जिभेवर तयार होतं.

"शेतात आता काय राहिलंय, आई?"

दुसऱ्या दिवशी ते लोक आले. वनखात्याचे होते, पोलीसही होते. ह्यांनी सांगितलं तसं सांगितलं. एक अधिकारी पोरगाच होता, वयानं आमच्या नातवाएवढा. तो ह्यांना आजोबा म्हणाला. म्हणाला, "आजोबा, जखमेचं भोक एवढंसं आहे. डुकरासाठी एवढी लहान गोळी का भरलीत?" हे गडबडले. त्यांना गोळीचं कुठं काय ठाऊक होतं? गोळ्या मी करायचे. ते म्हणाले, "मोठ्या संपल्या हुत्या." मोठ्या गोळ्यांची बरणी फडताळात दिसत होती, त्या पोरानं ती बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि पुढचा प्रश्न विचारला. मी काही सांगितलं नाही. मी बोलले असते तर ज्याला वाचवायला हे उभे राहिले होते तो थोरला आत गेला असता, आणि खोटं बोलले म्हणून हेही. ह्यांना गाडीत बसवून नेलं. दोन रात्री ते घरी नव्हते. परत आले तेव्हा त्यांनी आंघोळ केली आणि शेतात गेले.

त्यानंतर खेडच्या कोर्टाच्या तारखा. वकील आपलाच, तरी तारीख पडायची तेवढी पडतेच. बंदूक गेली, परवाना गेला. ठेका थोरल्याला मिळाला. साहेब आता बदली होऊन दुसरीकडं गेला, म्हणजे ज्याच्यासाठी केलं तोही गेला. पण ठेका आहे.

हा माझा कडवटपणा मला माहीत आहे, आणि तो कशाचा आहे तेही माहीत आहे. मी त्या दिवशी फोनवर नीट सांगितलं असतं, अंगठ्या काढ म्हटलं असतं, तर ते भेकर जाग्यावर बसलं असतं. साहेबानं खाल्लं असतं. कुणाला कळलं नसतं. बंदूक त्याच दिवशी गुपचूप घरात परत आली असती, आणि आमचे हे आजही शेतात गेले असते. मी सांगितलं नाही ते बरोबरच केलं, परत विचारलं तरी सांगणार नाही. पण बरोबर केल्याचं मला काय मिळालं, ते मी रोज बघते.

त्या खरिपाला ह्यांनी भुईमूग केला. बंदूक नाही म्हणून पत्र्याचा डबा वाजवायचे. फटाके लावून बघितले. कुणी सांगितलं मेंढीचे केस जाळा, ते जाळले. साड्यांचं कुंपण केलं, माझ्या जुन्या साड्यांचं. रंगीबेरंगी दिसायचं लांबनं, लग्नघरासारखं. डुकरांनी पहिल्या आठवड्यातच ते खालून उचललं. भुईमूग काढायला गेलो तर वेल सगळे उताणे आणि शेंग एकही नाही. बटाट्याला त्यांनी जमीन नांगरली, बेणंही आणलं, आणि लावलंच नाही. बेणं घरात पडून कोंब आले, मग मी ते भाजीला वापरलं, तेही गोड लागलं म्हणून टाकून दिलं.

आता हे घरीच असतात. टीव्ही लावून बसतात आणि बघत नाहीत.

थोरला दर पंधरा दिवसांनी येतो. एका गोदामवाल्याला तो तुकडा पाहिजे, रस्ता ते लोक त्यांचा करून घेणार आहेत. ह्यांनी सही केली, पहिल्याच खेपेला. पण सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, मामंजींनी जायच्या आधी लावलेलं. का लावलं ते तेव्हा मला कळलं नव्हतं, त्यांनी सांगितलंही नाही. थोरला कागद बाजेवर ठेवतो. मी चहा देते. मी कप उचलते, कागद उचलत नाही. तो परत घेऊन जातो. गेल्या वेळी अंगठ्या नव्हत्या हातात, म्हणजे त्यानं काढून ठेवल्या होत्या, इथं यायच्या आधी. तेवढं त्याला समजलं.

परवा तो गेल्यावर हे म्हणाले, "देऊन टाक की सही. काय पिकवायचंय तुला तिथं?"

"काही नाही."

"डुकरं लोळत्यात तिथं आता."

"लोळू देत."

"आगं, आपण गेल्यावर तो घेईलच की ते."

"घेऊ दे," मी म्हटलं. "आपण गेल्यावर."

त्यांनी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या चालू होत्या, त्यांनी त्या बघितल्या नाहीत, मीही बघितल्या नाहीत.